रात्रभर उभं राहिलेलं इंजिन

डिसेंबर लागला की पाचूबंदरात माझ्याकडे एकच तक्रार फिरून फिरून येते. ‘‘मिस्त्री, सकाळी इंजिन एका सेल्फला उठतं, पण स्लोला टिकत नाही. रेस दिली तर चालतं, सोडली की बंद. ऊन चढलं की मग दिवसभर काही नाही.’’ सांगणारा तांडेल कारणही सोबतच घेऊन येतो : थंडी पडली ना! मतलई वारा सुटलेला असतो, पहाटे धक्क्यावर कानाला मफलर गुंडाळलेले खलाशी दिसतात, त्यामुळे ते कारण कुणालाही पटावं असंच असतं. मला मात्र ते पटत नाही. बोटींच्या इंजिनांवर हात काळे करण्यातच माझं आयुष्य चाललं आहे आणि या तक्रारीपुरतं सांगायचं तर मला गुन्हेगार थंडी नव्हे, रात्र वाटते. इंजिन गार असतं म्हणून बंद पडतं असं कमी वेळा होतं. ते रात्रभर उभं होतं म्हणून बंद पडतं, असं जास्त वेळा.

आपल्या किनाऱ्यावर थंडी म्हणजे तरी किती? कडाक्याच्या रात्रीही पारा सहसा दहा अंशांच्या वरच राहतो. डिझेल गोठावं, त्यात मेण धरावं अशी ही थंडी नव्हे. ते दुखणं लडाखचं. तिथे हिवाळ्यात साधं डिझेल घट्ट होऊन गाड्या उभ्या राहायच्या, म्हणून इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल तिथे आणलं. वसईत त्याची गरज नाही. तेव्हा थंडीच्या नावावर बिल फाडण्याआधी जरा थांबून पाहायला हवं.

आधी हे सांगतो की एवढ्याशा दोषाची मला इतकी काळजी का वाटते. रस्त्यावर गाडी बंद पडली तर हँडब्रेक ओढून कडेला उभी करता येते. बोटीला ब्रेक नाही. रिव्हर्स हाच तिचा ब्रेक, आणि रिव्हर्स टाकायला इंजिन चालू लागतं. पाचूबंदर वसई खाडीच्या तोंडाशी, किल्ल्याला लागून आहे. उल्हास नदीचं पाणी इथेच समुद्राला मिळतं. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्याही पुढे जातो आणि ते सगळं पाणी या तोंडातूनच आत-बाहेर करतं. अशा धारेत धक्क्याला लागताना तांडेल रेस उतरवतो, गियर न्यूट्रलला आणतो, मग रिव्हर्स टाकतो. इंजिन स्लोला बंद पडणार ते नेमकं त्या क्षणी. पुढे शेजाऱ्याची बोट, मागून ओढणारं पाणी आणि हातात नुसतं सुकाणू. इंजिन बंद झालं की पंख्याचं पाणी सुकाणूवर येत नाही, म्हणजे तेही निम्मं निकामी. फेब्रुवारी २०२४ पासून किल्ल्याच्या जेट्टीवरून भाईंदरला रो-रो सुरू झाली आहे. गाड्या आणि माणसं भरलेली ती मोठी बोट याच पाण्यातून जाते. खाडीत आता वाहत जाणाऱ्या बोटीला पूर्वीइतकी मोकळी जागा उरलेली नाही.

बाहेर समुद्रातही तेच. डोल जाळं लावणाऱ्यांचं अर्धं काम पाण्याच्या ओढीवर आणि अर्धं इंजिनाच्या स्लोवर चालतं. पाणी मंदावलं की जाळं वर घ्यायचं, तेवढा वेळ बोट जागच्या जागी धरून ठेवायची. तेव्हा इंजिन स्लोलाच असतं. ज्या इंजिनाला स्लो टिकवता येत नाही ते डोलीच्या बोटीला कामाचं नाही, मग पुढे त्याची ताकद कितीही असो.

आता इंजिनाच्या पोटात काय चालतं ते थोडक्यात. पाचूबंदरच्या मोठ्या बोटींत डिझेल इंजिनं आहेत. त्यांत कितीतरी मूळची ट्रकच्या घराण्यातली, समुद्रासाठी तयार करून बसवलेली. डिझेल इंजिनाला पेट्रोल इंजिनासारखा स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबायची की दाबानेच ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलने डिझेलचा फवारा मारायचा. बस, आग लागते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ मध्ये आउग्सबुर्गला हे इंजिन यशस्वी करून दाखवलं. तोच माणूस १९१३ साली इंग्लंडला जाताना रात्री बोटीवरून नाहीसा झाला आणि काही दिवसांनी समुद्रातच त्याचं शव सापडलं. आज जगभरातले कोळी ज्याच्या इंजिनावर पोट भरतात, त्याचा अंतही समुद्रावरच व्हावा, हे मला नेहमी चटका लावून जातं.

स्लोला हे इंजिन सर्वांत नाजूक अवस्थेत असतं. मिनिटाला सहाशे फेरे धरले तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला पाच वेळा आग लागते. प्रत्येक वेळी नोझलमधून जाणारं डिझेल एका थेंबापेक्षाही कमी. त्यात पिस्टन सावकाश चालतो, म्हणजे दाबलेल्या हवेला रिंगांच्या फटीतून निसटायला वेळ जास्त मिळतो. सिलिंडरच्या भिंती गार असल्या तर उरलेली ऊब त्या खेचून घेतात. रेस वाढली की डिझेल जास्त पडतं, फेरे वाढतात, हवा निसटायला वेळ उरत नाही, आणि लहानसहान दोष झाकले जातात. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की स्लो हा इंजिनाचा खरा आवाज आहे. पळताना सगळीच इंजिनं चांगली वाटतात.

तक्रार घेऊन येणाऱ्याला माझा पहिला प्रश्न असा : उठल्यापासून बंद पडेपर्यंत किती वेळ जातो? बहुतेकांनी ते पाहिलेलं नसतं. ‘‘लगेच पडतं’’ म्हणतात. हे ‘लगेच’ मला घड्याळावर हवं असतं, कारण अर्धं निदान तिथेच होतं. इंजिन झटकन उठलं, अर्धं-एक मिनिट नीट चाललं, मग आवाज खालीवर होऊ लागला आणि ते मेलं, तर डिझेलच्या लाइनीत एअर आहे. उठल्या उठल्या धडधडतं, एखादा सिलिंडर मुका वाटतो, सायलेन्सरमधून डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येतो आणि पाच-दहा मिनिटांत सगळं आपोआप सुधारतं, तर नोझल किंवा कॉम्प्रेशन पाहायचं. न्यूट्रलला तासभर चालतं, पण गियर टाकला की गप्प होतं, तर दोष इंजिनाच्या मागे, शाफ्टकडे शोधायचा. आणि कधी पडतं, कधी नाही, आज ठीक, उद्या नाही, असा ज्याचा ताल नाही, तिथे नव्वद टक्के माझा संशय पाण्यावर असतो.

एअरची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण सर्वांत जास्त पैसे इथेच फुकट जातात. टाकीतून डिझेल ओढून घेण्याचं काम फीड पंप करतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात दाब नसतो, ओढ असते. शहाळ्यात घातलेल्या नळीला वरच्या बाजूला टाचणीएवढं भोक पडलं की कितीही ओढा, पाण्याऐवजी वाराच तोंडात येतो, पण नळीतून बाहेर मात्र थेंबही गळत नाही. इंजिनाचं तसंच. गळती दिसत नाही म्हणून मालक शपथेवर सांगतो की लाइन चांगली आहे. दिवसा इंजिन चालू असताना तेवढ्या भोकातून येणारी चिमूटभर हवा डिझेलबरोबर निघून जाते. रात्री इंजिन बंद. टाकी इंजिनापेक्षा खाली असेल तर त्याच भोकातून हवा आत शिरते आणि पाइपातलं डिझेल हळूहळू मागे टाकीत उतरतं. पहाटे इंजिन उठतं ते फिल्टरमध्ये आणि पंपात शिल्लक असलेल्या डिझेलवर. ते संपलं की पाइपातली हवा पंपाशी पोचते. हवा दाबली जाते, डिझेल दाबलं जात नाही. पंप हवेलाच दाबत बसतो आणि नोझल उघडतच नाही. त्यानंतर हातपंप मारून, चारदा सेल्फ मारून लाइन भरली की इंजिन दिवसभर उत्तम. मालक म्हणतो, बघा, तापलं की चालतं.

मागच्या मोसमातली एक बोट सांगतो. नोझलं तपासून झाली होती, पंप दुसरीकडे खोलून, कॅलिब्रेशन करून आणला होता, त्यात चांगलेच पैसे गेले होते. पहाटेचं बंद पडणं तसंच. तांडेल वयाने मोठे, मी त्यांना काका म्हणतो. इंजिन विकायच्या गोष्टी बोलत होते. मी संध्याकाळी गेलो आणि फीड पंपाच्या तोंडाशी वीतभर पारदर्शक प्लास्टिकचा पाइप जोडला. इंजिन चालवलं. आत सोनेरी डिझेल, बुडबुडा नाही. ‘‘आता बंद करा काका, आणि उद्या मी येईपर्यंत चावीला हात लावू नका.’’ दुसऱ्या दिवशी अंधारातच उतरलो. टॉर्च मारला तर पाइप अर्धा रिकामा. काकांना जवळ बोलावून दाखवला. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले.

मग शोध सुरू झाला. फीड पंपापासून मागे एकेक जोड पुसून कोरडा करत गेलो. टाकीच्या मागे, फळीखाली, तांब्याच्या पाइपावर रबरी नळी चढवली होती. क्लिप आवळलेली होती, पण नळी डिझेलने कडक होऊन लाकडासारखी झाली होती. क्लिप नळीला घट्ट, नळी पाइपावर सैल. हातभर नवी नळी आणि दोन क्लिपा, एवढंच काम. पंप खोलायची गरजच नव्हती.

हे तपासायची याहून सोपी रीतही आहे आणि ती कुणालाही जमेल. स्वच्छ डिझेलचा पाच लिटरचा कॅन इंजिनापेक्षा उंच, पक्का बांधा आणि त्यातून थेट फीड पंपाला नळी द्या. टाकी आणि जुनी लाइन बाजूला पडली. रात्रभर तसंच राहू द्या. पहाटे इंजिन स्लोला टिकलं तर दोष लाइनीत किंवा टाकीत आहे, इंजिनात नाही. एका कॅनने निकाल लागतो. तरीही मी कितीतरी बोटींवर हेड आधी उघडलेलं पाहिलं आहे, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

एअर काढण्याचं काम तांडेलाला स्वतः यायलाच हवं. फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा स्क्रू दोन आटे सैल करायचा आणि हातपंप मारत राहायचं. आधी नुसता फेस येतो, मग फेसात डिझेल, मग डिझेलमध्ये एखादा बुडबुडा, आणि शेवटी अखंड धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. थांबून आवळला तर हवा परत आत. मग तेच पंपाच्या स्क्रूवर. तिथल्या तांब्याच्या वायसरकडे लक्ष ठेवा. एकदा दाबलेला वायसर कडक होतो आणि दुसऱ्यांदा नीट बसत नाही. नवा नसेल तर जुना लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तांबं पुन्हा मऊ होतं. आणि एक इशारा : नोझलच्या पाइपाचा नट सैल करून सेल्फ मारताना हाताचं बोट पाइपाच्या तोंडावर धरू नका. तिथला दाब दोनशे किलोच्या आसपास असतो. ती बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असं झालं तर दुखत नसलं तरी तडक दवाखाना गाठायचा.

पाण्याचं दुखणं वेगळं. टाकी अर्धी रिकामी असली की वरच्या मोकळ्या जागेत दमट हवा असते. दिवसा ती तापते, रात्री टाकीचा पत्रा गार होतो आणि आतून दव धरतं. हिवाळ्यात दिवस-रात्रीच्या तापमानात फरक जास्त, म्हणून दवही जास्त. त्यात डेकवरच्या झाकणाचं रबर फुटलेलं असेल तर लाटेचं आणि पावसाचं पाणी उतरतं ते निराळंच. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसतं. बोट धक्क्याला शांत असली की रात्रभरात चांगलं निवळतं. नेमकं पहाटे, पहिल्या ओढीलाच, ते पाइपात येतं. थंडीशी याचा संबंध असला तर एवढाच.

फिल्टरच्या तळाचा ड्रेन उघडून पेलाभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं फळीवर ठेवा. मागून टॉर्च धरा. चांगलं डिझेल एकसारखं पारदर्शक दिसतं. पाणी असेल तर खाली वेगळा थर आणि मधोमध सुरीने कापल्यासारखी रेघ. त्या रेघेवर कधी कधी काळपट, बुळबुळीत तंतू तरंगताना दिसतात. तो कचरा नव्हे, ती बुरशी आणि जिवाणूंची वाढ आहे. पाण्यात राहून डिझेलवर जगणारी ही वाढ जहाजांपासून विमानांच्या टाक्यांपर्यंत सगळीकडे डोकेदुखी झालेली आहे. फिल्टरचा कागद तिने माखला की डिझेल पुढे सरकत नाही. फिल्टर बदलला की आठवडाभर बरं, पुन्हा तेच, कारण घर टाकीत आहे. तिथे टाकी रिकामी करून, तळ पुसून काढण्याला पर्याय नाही. बाजारातली औषधं वाढ मारतात, पण मेलेला लगदाही फिल्टरमध्येच येतो. आधी साफसफाई, मग औषध.

पांढऱ्या धुराबद्दल थोडक्यात. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, काळा म्हणजे हवा कमी आणि डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय. गार इंजिनाने मिनिटभर पांढरा धूर सोडला तर चिंता नको. दहा मिनिटं सोडत असेल तर एकेका नोझलचा नट जरासा सैल करून पाहतात. सैल केल्यावर इंजिनाचा आवाज पडला तर तो सिलिंडर काम करतोय, काहीच फरक पडला नाही तर तोच मुका. त्याचं नोझल टेस्टिंगला द्यायचं. फवारा धुक्यासारखा हवा, धार किंवा थेंब असेल तर गेलं. नोझल चांगलं निघालं तर मग टॅपेट, व्हॉल्व्ह, रिंगा. ऑइलच्या तोंडाचं झाकण काढल्यावर वाफेचे धक्के जोरात बसत असतील तर रिंगा झिजल्या समजायचं. हे काम मोसमात करू नये, बोट वर ओढल्यावर करावं.

गियर टाकताच बंद पडणाऱ्या बोटीत मी आधी पंख्याकडे पाहतो. जाळ्याचा तुकडा, नायलॉनची दोरी, आणि हल्ली खाडीतून वाहत येणारं प्लास्टिक शाफ्टला आवळून बसतं. ओहोटीला बोट टेकली की दिसतं. पाणी येतं म्हणून शाफ्टभोवतीची ग्लँड फार आवळलेली असते, तीही शाफ्टला धरून ठेवते. इंजिन बंद, गियर न्यूट्रल, आणि शाफ्ट हाताने फिरला पाहिजे, ही साधी परीक्षा. झिजलेल्या इंजिनात धूर कमी व्हावा म्हणून जाडं ऑइल भरतात. पहाटे ते काकवीसारखं दाटतं आणि स्लोची सगळी ताकद त्यातच जाते. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल भरा.

आता ज्या इलाजांचा मला राग येतो ते. पहिला, स्लोचा स्क्रू. इंजिन बंद पडतंय ना, मग स्लो वाढवून द्या, म्हणजे आठशे-नऊशेवर. पाच मिनिटांचं काम, मालक खूश. पण दोष आत तसाच वाढत राहतो आणि वर गियर दर वेळी धक्का खात बसतो, धक्क्याला लागताना बोट उडी मारते. स्लो किती हवा ते इंजिनाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, दोष काढल्यावर तिथेच आणून ठेवायचा. दुसरा, पेट्रोलचा बोळा किंवा स्प्रे. हवेच्या तोंडाशी पेट्रोलचा वास दिला की इंजिन ठणकन उठतं, ते ठणकणं पिस्टनवर हातोडा बसल्यासारखं असतं. रिंगा तुटतात. पेटता बोळा धरणारेही मी पाहिले आहेत, लाकडी बोटीत, तळाशी डिझेल मिसळलेलं पाणी साचलेलं असताना. जीव स्वस्त नाही. तिसरा, थर्मोस्टॅट काढून फेकणं. उन्हाळ्यात कधीतरी इंजिन तापलं म्हणून तो काढतात, परत बसवत नाहीत. मग पाणी पहिल्या क्षणापासून धो धो फिरतं, इंजिन कधी नीट तापतच नाही आणि कार्बन धरतं. खारं पाणी थेट फिरणाऱ्या इंजिनात तापमान साठ अंशांच्या आसपासच ठेवावं लागतं, नाहीतर आत मीठ साचतं. गोडं पाणी फिरणाऱ्यात ते सत्तर-ऐंशीपर्यंत गेलं पाहिजे. जिथे जो थर्मोस्टॅट सांगितला आहे तिथे तोच हवा.

गार इंजिन अर्धा-अर्धा तास स्लोला तापवत ठेवण्याची सवयही सोडावी. तीन-चार मिनिटं किंचित वरच्या रेसवर चालवा, ऑइलचा काटा आणि मागून पडणारं पाणी पाहा, मग हळूच निघा. डिझेल इंजिन कामावरच तापतं.

छोट्या होड्यांना मागे लावलेली पेट्रोलची मशिनं असतात, त्यांची तऱ्हा वेगळी. तिथे स्लोला बंद पडण्याचं मुख्य ठिकाण कार्बोरेटरचा स्लो जेट. त्याचं भोक केसाएवढं. पेट्रोल आत तसंच राहिलं की उडून जातं आणि मागे चिकट पिवळा थर सोडतं. मोठा जेट चालू राहतो म्हणून रेसला मशीन पळतं, स्लोला मरतं. तार घालून भोक उकरू नका, ते मोठं झालं की कायमचं बिघडलं. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. ओढीची मर्यादा संपली की पाणी आणि इथेनॉल एकत्र तळाला बसतात. दर्यावर ही मर्यादा लवकर संपते. म्हणून महिनोन् महिने कॅनमध्ये पेट्रोल साठवू नका, आणि मशीन बरेच दिवस उभं राहणार असेल तर नळी काढून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, कार्बोरेटर कोरडा होतो. केरोसीनवर चालणारं मशीन असेल तर बंद करण्याआधी दोन मिनिटं पेट्रोलवर घ्या. गार केरोसीनची वाफ होत नाही. काल संध्याकाळी कार्बोरेटरमध्ये काय उरलं, त्यावर आजची पहाट ठरते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. डिसेंबरात दिसणाऱ्या या दोषाची सुरुवात मला जूनमध्ये दिसते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी वर ओढून शाकारतात. त्या दोन महिन्यांच्या दमट हवेत टाकी काठोकाठ भरलेली असली तर दव धरायला जागाच नाही. पण मेअखेर टाकी भरायची म्हणजे हजारो रुपये पुढे दोन महिने अडकवून ठेवायचे, आणि तेच दिवस घरात पैसा नसण्याचे. शाळेची फी, जाळ्यांचं काम, लाकडाचं काम, खलाश्यांचा हिशेब, सगळं तेव्हाच. म्हणून टाक्या रिकाम्या राहतात. मी कुणाला दोष देत नाही, ही अडचण मी घरोघरी पाहतो. ऑगस्टमध्ये त्या ओल्या टाकीत नवं डिझेल पडतं, पावसाळी दर्यात ढवळून निघतं, आणि दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की सगळी घाण तळाशी बसून पहाटेची वाट पाहते.

म्हणून बोटमालकांना माझं सांगणं आहे. खाली काचेचा वाडगा असलेला वॉटर सेपरेटर टाकी आणि फीड पंपाच्या मध्ये बसवून घ्या. एका फुकट गेलेल्या फेरीचं डिझेल त्याहून महाग पडतं. रोज पहाटे सेल्फ मारण्याआधी त्याचा ड्रेन उघडा. बोटीत एक जादा फिल्टर, चार तांब्याचे वायसर, हातभर रबरी नळी आणि क्लिपा ठेवा, आणि एअर काढायला किमान दोन खलाश्यांना शिकवा. टाकी भरणं जमत नसेल तर शाकारण्याआधी ती पूर्ण रिकामी करून, पुसून, झाकण घट्ट लावून ठेवा. अर्धी ठेवू नका.

आणि आपल्या मच्छिमार सोसायट्यांना विनंती आहे. जाळी-दोरीसाठी जशी उचल देता, तशी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात टाकी भरण्यापुरतं डिझेल सभासदाच्या खात्यावर द्या आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या मासळीतून वळतं करून घ्या. डिझेल कुठे जात नाही, ते त्याच बोटीत राहतं आणि १ ऑगस्टला त्याच डिझेलवर बोट बाहेर पडते.